नर्सिंगचा इतिहास वॉर्डात काय कामाचा? पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न इंदूरमध्ये बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा आहे. ती लिहिते: "पहिल्याच युनिटला नर्सिंगचा इतिहास, तत्त्वज्ञान आणि व्यावसायिक मूल्यं आहेत. तारखा पाठ करायच्या, व्याख्या पाठ करायच्या, शपथ पाठ करायची. वॉर्डात गेल्यावर याचा काय उपयोग? घरी आजोबा म्हणतात, नर्स म्हणजे डॉक्टरच्या हाताखालची. सांगितलं तेवढं करायचं, मन लावून सेवा करायची. त्यात तत्त्वज्ञान कुठून आलं?"

मी इंदूरमध्ये चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली पंचवीस मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांत गेली, शेवटची नऊ तुझ्यासारख्या मुलींना शिकवण्यात. आजोबांवर रागावू नकोस. मी नर्सिंगला जाणार हे रामबागेतल्या आमच्या वाड्यात कळलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, "म्हणजे लोकांची घाण काढणार का ग तुझी पोर?" आईला उत्तर सुचलं नाही. मलाही पुढची बरीच वर्षं सुचलं नाही. ते मला या इतिहासातच सापडलं, म्हणून तुला जरा सविस्तर लिहिते.

हा सगळा भाग एका प्रश्नाभोवती वाच: नर्स कुणाला जबाबदार असते? डॉक्टरला, मेट्रनला, संस्थेला, देवाला, की पलंगावरच्या माणसाला? काळ बदलला तसं याचं उत्तर बदलत गेलं, आणि तो बदल म्हणजेच आपल्या व्यवसायाचा इतिहास. एवढं धरलंस तर तारखा आपोआप लक्षात राहतील.

आधी शपथच घे. तुमच्याकडे लॅम्प लायटिंग होईल, दिवा हातात घेऊन नाइटिंगेल शपथ म्हणाल. ही शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या फॅरंड ट्रेनिंग स्कूलमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने डॉक्टरांच्या हिपोक्रॅटिक शपथेच्या धर्तीवर ती तयार केली आणि नाइटिंगेल यांचं नाव मानाने दिलं. डॉक्टरला त्याच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन, असं वचन तिच्यात आहे. म्हणजे आजोबा म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही, एके काळी आपण स्वतःच तशी शपथ घेत होतो. (दिव्याचंही तसंच. कार्यक्रमात आपण अल्लादीनच्या गोष्टीतल्यासारखा तेलाचा दिवा धरतो. नाइटिंगेल यांच्या हातात होता तो तुर्की कंदील, आत मेणबत्ती आणि बाहेर घडी होणारं आवरण.)

आता दुसरा कागद बघ. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद १८९९ मध्ये स्थापन झाली, आणि तिची पहिली आचारसंहिता १९५३ ची. डॉक्टरच्या सूचना समजून-उमजून आणि निष्ठेने पाळणं हे नर्सचं कर्तव्य आहे, असं तिच्यात होतं. अनैतिक गोष्टीत भाग घ्यायला नकार द्यावा, हेही त्याच कलमात होतं. वीस वर्षांनी, १९७३ मध्ये, ती संहिता नव्याने लिहिली गेली. तिच्यात आलं की नर्सची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या माणसांशी आहे. या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे, ते वॉर्डात कसं दिसतं सांगते.

माझ्या नोकरीची सात-आठ वर्षं झाली होती. रात्री दीडचा सुमार. उलट्या-जुलाबांनी गळून गेलेला एक पेशंट आला, पोटॅशियम फार कमी होतं. नवा हाऊसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, दोन रात्री झोपलेला नव्हता. त्याने केस पेपरवर "केसीएल" एवढं लिहिलं, आणि "सिस्टर, देऊन टाका" म्हणून पुढच्या पलंगाकडे निघाला. पोटॅशियम क्लोराइड बाटलीत मिसळून हळूहळू द्यायचं असतं. सिरिंजने सरळ शिरेत ढकललं तर हृदय तिथल्या तिथे थांबू शकतं. मला हे माहीत होतं, त्यालाही होतं. पण कागदावर नव्हतं. माझ्यासोबत त्या रात्री एक अगदी नवी मुलगी होती आणि औषधाचं अँप्यूल, म्हणजे काचेची कुपी, तिच्या हातात होतं. मी केस पेपर घेऊन त्याच्या मागे गेले. "सर, कशात मिसळायचं आणि किती तासांत द्यायचं, एवढं लिहून द्या." तो वैतागला, "एवढंही कळत नाही का?" म्हणाला. मी कागद पुढे धरून उभी राहिले. त्याने पेन उघडलं, लिहिता लिहिता त्याचा हात थांबला, मग त्याने सगळं नीट लिहिलं आणि खाली सही केली. पुढे आमचं त्यावर कधी बोलणं झालं नाही. पण त्यानंतर त्याची एकही ऑर्डर अर्धवट आली नाही.

१९५३ ची नर्स असते तर मी ऑर्डर पाळली असती, १९७३ ची होते म्हणून विचारलं, इतकं ते सरळ नाही. १९५३ च्या नर्सही विचारत होत्या. फरक असा की आता विचारणं हा उद्धटपणा ठरत नाही, ते माझं काम ठरतं. मागे लेखी आधार असला की रात्री दीड वाजता पाय थरथरत नाहीत. इतिहासाचा उपयोग मला तरी असा झाला.

नाइटिंगेल यांच्याबद्दल तुम्हाला बरंच पाठ करावं लागेल. जन्म १२ मे १८२०, म्हणून त्या दिवशी परिचारिका दिन. १८५१ मध्ये जर्मनीत कैसर्सवर्थला प्रशिक्षण. क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी हॉस्पिटलात. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षणशाळा. हे सगळं लिही, गुण मिळतील. पण परीक्षेत कुणी विचारत नाही तो भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. स्कुटारीला त्या पोचल्या म्हणून मृत्यू लगेच कमी झाले नाहीत, त्या हिवाळ्यात ते वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरातले ४२ रुग्ण दगावत होते, आणि त्यातले बहुतेक जखमांनी जात नव्हते, हगवण, कॉलरा आणि तापाने जात होते. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशनचे, म्हणजे स्वच्छता बघायला सरकारने पाठवलेल्या मंडळाचे, लोक आले. त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, पाणी स्वच्छ केलं, वारा खेळता केला. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शंभरात दोनाच्या आसपास आलं.

युद्धानंतर नाइटिंगेल यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर हे आकडे महिन्यामहिन्याने मांडले. किती माणसं टाळता येण्यासारख्या रोगांनी मेली हे त्या आकड्यांनी दाखवलं. त्यात त्यांच्या स्वतःच्या हॉस्पिटलचाही हिशेब होता. तो त्यांनी लपवला नाही. १८५८ मध्ये चक्राकार आकृती काढून सरकारपुढे ठेवला, की पाहणाऱ्याला एका नजरेत कळावं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं, त्या संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री. रात्री दिवा घेऊन फिरणारी बाई सगळ्यांना आवडते. आपल्याच वॉर्डातले मृत्यू मोजून जगापुढे मांडणारी बाई मला जास्त मोठी वाटते. सहानुभूती पुष्कळांना असते, पण मनाला लागलेली गोष्ट आकड्यात उतरवून तिचं कारण शोधायचं धाडस फार थोड्यांत असतं.

त्यांचं सगळंच आपल्याला पटलं पाहिजे असं नाही. प्रशिक्षणात चारित्र्य, शिस्त आणि आज्ञापालन यांवर त्यांचा भर इतका होता की पुढे शंभर वर्षं मेट्रनच्या वाजणाऱ्या बुटांचा धाक हीच नर्सिंगची ओळख झाली. नर्सची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करायलाही त्यांचा विरोध होता. चांगली नर्स परीक्षेने ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. पण नोंदणी आली म्हणूनच आज कुणीही पांढरा कोट घालून स्वतःला नर्स म्हणवू शकत नाही. त्याच युद्धात स्वतःच्या खर्चाने आलेल्या जमैकाच्या मेरी सीकोल यांचंही नाव उत्तरात लिही. तुझ्या नोट्समध्ये नसेल तरी लिही.

आता आपल्याकडचं. इथे पुस्तकं "प्राचीन भारतात शुश्रूषेला मान होता" म्हणून दोन ओळींत पुढे सरकतात. तो मान काय होता ते बघ. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुण चार: उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि शुचिता. यातला पहिला गुण ज्ञान आहे, हे लक्षात ठेव. जिव्हाळा तिसरा आहे. त्याच ग्रंथात रुग्णालयात कोणकोणती माणसं असावीत याची यादी आहे. वरण-भात शिजवणारा, आंघोळ घालणारा, अंग चेपणारा, औषध कुटणारा, आणि दोन शब्द मला फार आवडतात: उत्थापक आणि संवेशक, म्हणजे रोग्याला उठवणारा आणि नीट निजवणारा. गाणी-गोष्टींनी मन रमवणारेही त्यात आहेत. पहिल्या पोस्टिंगला लकवा झालेल्या ऐंशी किलोच्या माणसाला पलंगावर वर सरकवायची वेळ येईल, तेव्हा उठवणं आणि निजवणं ही स्वतंत्र विद्या का मानली होती ते तुझ्या कमरेला कळेल.

बौद्ध विनयग्रंथातही एक प्रसंग आहे. हगवणीने लोळागोळा झालेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, आणि तो कुणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. बुद्धांनी आपल्या शिष्याला, आनंदाला, पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायाकडून धरून दोघांनी त्याला उचलून निजवलं. माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असं मग बुद्धांनी भिक्खूंना सांगितलं. काकूंच्या "घाण काढणार का" या प्रश्नाला हे उत्तर तेव्हा मला ठाऊक असतं तर!

पण इथे खरं बोलायला हवं. ग्रंथांत मान राहिला आणि समाजात विटाळ आला. रक्त, लघवी, बाळंतपण हे सगळं अस्पृश्य ठरलं आणि ते करणारी सुईण किंवा दाई सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली. तिचं ज्ञान हवं होतं, पण तिचा स्पर्श झाल्यावर आंघोळ करायची होती. म्हणून आधुनिक नर्सिंग आपल्याकडे सुरू झालं तेव्हा सवर्ण हिंदू किंवा मुसलमान घरांतल्या मुली आल्याच नाहीत. सुरुवातीची पिढी मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुलींची. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत, आणि आपल्या घरांत ते फारसे कुणी बोलून दाखवत नाही.

आपल्या भागाचाही यात वाटा आहे. १८८१ मध्ये पन्नाच्या महाराणींनी आपल्यावर उपचार करणाऱ्या मिस बीलबी यांच्या हाती राणी व्हिक्टोरियाला निरोप पाठवला, की हिंदुस्थानातल्या बायका आजारपणात किती हाल सोसतात ते तिच्या कानावर घाला. त्या काळी पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरला दाखवत नसे. पुढे १८८५ मध्ये काउंटेस ऑफ डफरिन फंड उभा राहिला. त्यातून देशभर स्त्रियांसाठी दवाखाने निघाले, आणि नर्स व सुईणींचं प्रशिक्षण सुरू झालं. इंदूरला १८८४ च्या अखेरीस कॅनडाच्या मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या, दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर. त्यांच्या दवाखान्यातून इथलं स्त्रियांचं हॉस्पिटल उभं राहिलं.

पुण्यात प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुल्यांनी काय केलं ते तुला माहीत असेल, पण नर्सच्या नजरेने पुन्हा वाच. मुंढव्याजवळच्या वस्तीतला प्लेग झालेला मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या आपल्या अभ्यासक्रमात शिक्षिका म्हणूनच येतात. मी मात्र वर्गात त्यांना परिचारिकाही म्हणत आले. मग रमाबाई रानडे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि काही वर्षांतच तिथल्या मुली, त्यात पुष्कळशा विधवा, ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकू लागल्या. ज्या बाईचं तोंड सकाळी पाहू नये म्हणत, तिच्या हाताला तापाचा तक्ता आणि महिन्याचा पगार आला. मराठी घरांतल्या मुलींना हा दरवाजा या बायकांनी उघडला. तू आज त्यातूनच आत आली आहेस.

बाकीच्या तारखा झटपट सांगते. १८७१ मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात प्रशिक्षणशाळा. १८८८ लष्करी रुग्णालयांसाठी इंग्लंडहून दहा परिचारिका मुंबईला उतरल्या. १९०८ ट्रेंड नर्सेस असोसिएशन. १९४६ दिल्ली आणि वेल्लोरला बी.एस्सी. नर्सिंग. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या त्याच वर्षीच्या अहवालात हिशेब होता, ४३,००० लोकांमागे एक नर्स. १९४७ भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा, आणि २०२३ मध्ये त्याच्या जागी आलेला राष्ट्रीय परिचर्या आणि सुईण आयोगाचा कायदा. यातली प्रत्येक तारीख म्हणजे आपल्या कामाला कुणी तरी कागदावर काम म्हणून मान्य केल्याची तारीख आहे.

तत्त्वज्ञान या शब्दाने तू घाबरली आहेस असं दिसतं. मला विचारशील तर व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेची एक व्याख्या नीट समजली तरी पुष्कळ झालं. त्यांचं म्हणणं साधं आहे. माणसाच्या अंगात ताकद असती, मनाची तयारी असती किंवा माहिती असती, तर जे त्याने स्वतःच केलं असतं, ते करायला नर्स मदत करते. मग तो बरा होणार असो की शांतपणे जाणार असो. आणि ही मदत अशी करते की तो लवकरात लवकर पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहील. ताकद, इच्छा, माहिती. पलंगापाशी गेलीस की या तिन्हींपैकी काय कमी आहे ते आधी बघायचं.

आमच्याकडे लकव्याचे एक काका होते, उजवी बाजू गेलेली. काकू दिवसभर उशाशी बसून त्यांना खिचडी भरवायच्या, तोंड पुसायच्या. त्यांचा जीव त्या घासात होता. आठव्या दिवशी, गिळणं नीट होतंय याची खात्री झाल्यावर, मी काकांना सरळ बसवलं, ताटलीखाली ओला रुमाल घातला म्हणजे ती सरकणार नाही, आणि चमचा डाव्या हातात दिला. पहिला चमचा छातीवर सांडला, दुसरा हनुवटीवर. काकू उठून पुढे आल्या, मी त्यांचा हात धरून ठेवला. माझेही हात शिवशिवत होते, कारण भरवलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं. बाहेर नऊ पलंगांची औषधं खोळंबली होती. पंचवीस मिनिटांनी ताटली रिकामी झाली. काकांनी चमचा खाली ठेवून काकूंकडे बघितलं, तेव्हा आठ दिवसांत पहिल्यांदा ते पेशंटसारखे दिसले नाहीत. त्या दिवशी शुश्रूषा म्हणजे हात मागे बांधून उभं राहणं होतं. हे फक्त "सेवा" म्हणणाऱ्याला कळत नाही, कारण सेवा म्हटली की भरवायचंच असतं.

मूल्यांबद्दल लिहिताना तुमच्या पुस्तकात प्रतिष्ठा, गोपनीयता, सत्यनिष्ठा, न्याय अशी माळ असेल. ही सगळी मूल्यं हाताच्या सवयींत असतात. प्रतिष्ठा म्हणजे चादर उचलण्याआधी पडदा ओढणं आणि "आजी, बघू का?" विचारणं. मालव्यातल्या खेड्यातून आलेल्या बायकांचा चेहऱ्यावरचा पदर ऑपरेशनच्या दिवशीही सुटत नाही. आपल्याला घाई असते. तरी तो आपल्या हाताने मागे सारायचा नाही, त्यांनाच सारू द्यायचा. गोपनीयता तर इंदूरच्या मराठी मुलीची खरी परीक्षा आहे. आपला समाज एवढासा. गणपतीत, हळदीकुंकवाला, लग्नात कुणी ना कुणी विचारणारच: "अग, तुमच्याकडे अमक्यांची सून ॲडमिट होती ना, काय झालं होतं तिला?" विचारणारी तुझी सख्खी मावशी असेल. "मावशी, ते मला सांगता येत नाही" एवढं वाक्य आत्ताच तोंडात बसवून घे. एकदा सांगितलंस की पुढच्या वेळी त्या घरातली बाई आजार अंगावर काढेल, पण तुझ्या हॉस्पिटलात येणार नाही.

सत्यनिष्ठेबद्दल लिहायचं तर माझीच चूक सांगावी लागेल. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या तक्त्यावर, श्वासाचा रकाना असतो. कुठल्याही वॉर्डातले चार्ट उघड, ओळीने २०, २०, १८, २० दिसेल. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटांना लागते, श्वास मात्र पूर्ण मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो आणि वेळ कुणाला नसतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, मी ज्या हॉस्पिटलात होते तिथे रात्री चाळीस पलंगांना मी एकटी. (भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन रुग्णांमागे एक आणि इतर ठिकाणी पाचांमागे एक नर्स असं आहे.) न्यूमोनियाची एक आजी झोपलेली दिसली म्हणून मी "२०" लिहून पुढे गेले. पहाटे सहाला सकाळच्या सिस्टर आल्या. हँडओव्हर घेताना त्या आजींपाशी थांबल्या, नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरलं आणि छातीकडे बघत उभ्या राहिल्या. मिनिट संपल्यावर म्हणाल्या, "छत्तीस." मग चार्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ऑक्सिजन आणायला गेल्या. आजी वाचल्या. सिस्टरनी तक्रार केली नाही, मला एक शब्द बोलल्या नाहीत. पण ते "२०" मी माझ्या हाताने लिहिलं होतं आणि रात्रभर ते खोटं होतं. श्वासाचा वेग वाढणं ही प्रकृती बिघडत असल्याची सगळ्यांत आधी येणाऱ्या खुणांपैकी एक आहे. डॉक्टर दिवसातून दोनदा येतो, नातेवाईक घाबरलेले असतात, चोवीस तास बघणारी फक्त आपणच. आपण बघितलं नाही तर ते कुणीच बघितलेलं नसतं. नाइटिंगेल यांनी आपलेच मृत्यू मोजले हे मला एवढं का भिडतं, ते आता तुला कळलं असेल.

आणि मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका. त्यांच्या सहकारी अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हॉस्पिटलातच हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या. अरुणाताईंना बोलताना कधीही न पाहिलेल्या मुलींनी त्यांना आंघोळ घातली, भरवलं, कुशीवर वळवलं. त्यांना मरू द्यावं असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा या परिचारिकांनी "आम्ही सांभाळू" असं सांगितलं. २०११ मध्ये न्यायालयाने तो अर्ज नाकारला आणि त्यांच्या शुश्रूषेचं कौतुक केलं. इच्छामरणाच्या वादात तुझं मत काहीही असो. तू फक्त एक गोष्ट बघ: इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या देहाला त्यांनी बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाहीत. पहिल्या वर्षात तू कुशी बदलायला शिकशील, दर दोन तासांनी, टाचा, माकडहाड, खांदे, डोक्याची मागची बाजू तपासत. लाल झालेली जागा चोळायची नाही, तिच्यावरचा दाब काढायचा, हेही शिकशील. तेच दोन-दोन तास चार दशकं जोडत गेलं की काय होतं, ते केईएमने दाखवलं.

आता आजोबांच्या "सेवा" या शब्दाबद्दल. तो शब्द सुंदर आहे, मलाही प्रिय आहे. पण तो कोण कशासाठी वापरतंय ते बघत जा. आजीने पाठीवरून हात फिरवून "फार सेवा केलीस ग पोरी" म्हटलं तर ते डोळ्यांना लाव. पगार वाढवून मागितल्यावर, दुसरी नर्स मागितल्यावर, सलग तिसरी नाइट नाकारल्यावर कुणी "अहो, हे सेवेचं काम आहे" म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये इंदूर करोनाने हादरलं होतं, तेव्हा लोकांनी आपल्यासाठी थाळ्या वाजवल्या आणि त्याच लोकांपैकी काहींनी सिस्टरना भाड्याची खोली रिकामी करायला सांगितली. देवी म्हणायचं आणि जिन्यात अडवायचं, हे एकाच वेळी होऊ शकतं. विटाळ आणि मान यांचं जे जुनं नातं वर लिहिलं, तेच हे. म्हणून मला देवी म्हटलेलं आवडत नाही. शिकलेली, नोंदणी झालेली, आपल्या पेशंटबद्दल जाब देणारी बाई म्हणा. मुलगाही म्हणा, आता ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, पुष्कळ आहेत आणि चांगले आहेत.

आजोबांना समजावत बसू नकोस. सुट्टीत घरी गेलीस की त्यांचं मनगट हातात घे, नाडी बघतेयस असं दाखव आणि त्यांच्या नकळत मिनिटभर श्वास मोज. श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो, म्हणून हे नाटक. आकडा वहीत लिही. मग विचारलं तर सांग त्यांना, काय केलंस आणि का.

आणि पहिल्या पोस्टिंगच्या आधी सेकंदकाट्याचं घड्याळ घे. मोबाईल वॉर्डात काढायचा नाही, आणि आकडे बदलणारं डिजिटलही नको. काटा फिरताना दिसायला हवा, म्हणजे एक डोळा त्याच्यावर आणि एक छातीवर ठेवता येतो.